पाव तोळ्याचं पिल्लू जेवत नाही

या वेळचं पत्र नाशिकरोडहून आलंय. थोडं कापून देते.

‘ताई, मी नोट प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, राहणार जेलरोड. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. संक्रांतीला आला तो लेपर्ड गेकोचं, म्हणजे ठिपकेवाल्या पाळीव पालीचं, दीड महिन्याचं पिल्लू घेऊन, आणि जाताना आमच्यावर सोपवून गेला. होस्टेलवर चालत नाही म्हणे. नाव चिकू. आज नववा दिवस, चिकूने तोंडात काही घेतलेलं नाही. दुकानातून आणलेले दहा क्रिकेट, म्हणजे रातकिडे, पेटीत सोडले, मीलवर्म नावाची अळी चिमट्याने तोंडाशी धरली, उकडलेल्या अंड्याचा बलक काडीने लावून पाहिला. सौ. म्हणतात, कोमट दूध द्या. डोळे खोल गेलेत, शेपूट बारीक वाटते, दिवसभर एका कोपऱ्यात पडून असतो. सराफ बाजारात ओळखीच्या सोनारांकडे वजन करून घेतलं, २.९ ग्रॅम भरलं. पेटी तीन फुटी काचेची, खाली वाळू, वर ४० वॉटचा बल्ब. जबडा उघडून भरवायचं कसं, तेवढं सांगा. नातवाला अजून काही कळवलेलं नाही.’

काका, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, म्हणजे निकडीचं तेवढं तुम्हाला ठाऊक आहे. पण फोनवर मी घाईघाईत फक्त ‘हे करा, ते करू नका’ एवढंच सांगितलं. का करायचं ते राहून गेलं. शिवाय ‘भरवायचं कसं’ हा प्रश्न मला दर थंडीत कुणी ना कुणी विचारतंच, तेव्हा सगळं एकदा नीट लिहिते.

जबडा उघडायचा नाही. चिमटा, काडी, बलक सगळं बाजूला ठेवा. दूध तर नकोच. काकूंना सांगा, दूध आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लांसाठी असतं. ही जात अंड्यातून बाहेर येते ती थेट किडे मारायलाच. दूध तिच्या पोटाला पचत नाही, जुलाब मात्र होतात, आणि आत्ता चिकूच्या अंगातून थेंबभर पाणी जास्त जाणंही परवडणारं नाही.

आपल्याकडे आजारी जिवाला चार घास पोटात गेले की अर्धं दुखणं गेलं, असं आपण धरून चालतो. माणसाच्या पिल्लाला काऊ-चिऊ दाखवून भरवायची आपली सवय. मलाही ती सवय महाग पडली आहे, ते पुढे सांगते. सरपटणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत मात्र घास शेवटी येतो. त्याच्या आधी ऊब, मग पाणी, मग निवांतपणा, आणि या तिन्हींनंतर तो स्वतःहून तोंड उघडतो की नाही ते बघायचं.

फोनवर मी विचारलं होतं, पेटीत तापमान किती आहे? तुम्ही म्हणालात, तापाचं थर्मामीटर आत ठेवून बघितलं, पारा हललाच नाही. हलणार कसा? तापाचं थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही. पण त्या न हललेल्या पाऱ्यानेच मला निम्मं उत्तर दिलं. मग हॉलमधलं भिंतीवरचं थर्मामीटर सकाळी किती दाखवतं विचारलं, तर तुम्ही १६ म्हणालात. काचेच्या तीन फुटी पेटीत, वर ४० वॉटचा बल्ब आणि खाली गार फरशीवर ठेवलेला तळ, अशा ठिकाणी चिकूच्या पोटाखालची जागा फार तर १९-२० अंश असेल. नाशिकचा जानेवारी आहे हा. पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर आणखी खाली.

तुमचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग, असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. कडाक्याच्या थंडीत बागेला कितीही खत-पाणी द्या, मुळी चालत नाही आणि मण्याची फुगवण थांबते. म्हणून बागायतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतो, ड्रिपमधून जास्तीचं खत सोडत बसत नाही. चिकूचं तेच आहे. त्याला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही. अंग गार असलं की आतड्याची हालचाल मंदावते, पाचकरस काम करत नाहीत, आणि जबरदस्तीने पोटात ढकललेली अळी पचण्याऐवजी तिथेच कुजते. भूक न लागणं हा त्या वेळी त्याच्या शरीराने केलेला शहाणपणा असतो.

घरातल्या भिंतीवरच्या पाली आठवा ना. मे महिन्यात दिव्याभोवती पाच-पाच दिसतात, जानेवारीत कुठे असतात? फ्रिजच्या मागे, देवघरातल्या तसबिरीच्या आड, मीटरच्या पेटीत. जिथे ऊब, तिथे त्या. चिकूला मात्र काचेच्या पेटीतून बाहेर पडून फ्रिजमागे जाता येत नाही. आणि या जातीचं तर सगळंच तापमानावर चालतं. अंडी साधारण २६ अंशांवर उबवली तर बहुतेक माद्या निघतात, ३२-३३ वर उबवली तर बहुतेक नर. नर की मादी हे ठरवणारी गोष्ट पचनालाही लागणारच की.

आता काय करायचं ते. तीन फुटी पेटी काही दिवस बाजूला ठेवा. तीन ग्रॅमच्या जिवाला ती गोल्फ क्लबच्या मैदानाएवढी वाटते, आणि उघड्यावर घाबरलेलं पिल्लू खात नाही. फूट-सव्वा फूट लांबीचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या आणि त्याला बाजूंनी भोकं पाडा. वाळू काढून टाका. पिल्लं भक्ष्यावर झेप घेताना वाळूही गिळतात आणि ती आतड्यात अडकते. खाली स्वयंपाकघरातले टिश्यू पेपर पसरा. घाण झाले की उचलले, नवे घातले. आणि चिकूने शी केली की पांढऱ्या कागदावर ती लगेच दिसते.

डब्याच्या एका बाजूच्या तळाखाली, साधारण तिसऱ्या हिश्शाएवढ्या भागात, हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई हवी, आणि तिला तापमान ठरल्या अंशावर रोखणारा थर्मोस्टॅट हवाच. थर्मोस्टॅट नसलेली मॅट तापत जाते आणि पोटाची कातडी भाजते, कारण या प्राण्यांना खालून चटका बसतोय हे पटकन कळत नाही. थर्मोस्टॅटची तार डब्याच्या आत, कागदावर, चिकू जिथे बसणार तिथेच टेकवा. काचेला चिकटवायची ती माशांच्या टाकीची तापमान दाखवणारी पट्टी इथे निरुपयोगी. तिथे ३१ ते ३३ अंश हवेत. दुसरी बाजू २४ ते २६. म्हणजे गरम वाटलं तर सरकता येईल, गार वाटलं तर परत येता येईल. रात्री गार बाजूसुद्धा २० च्या खाली जाऊ देऊ नका. बल्ब काढून टाका. ही जात संधिप्रकाशात हिंडणारी, चोवीस तास डोक्यावर उजेड असला की बिळातून बाहेर यायचं नावच घेत नाही.

लपायला जागा तीन. एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, आणि एक मधे ओलसर, म्हणजे श्रीखंडाचा रिकामा छोटा डबा उपडा, त्याला दार कापलेलं, आत ओला टिश्यू. कात टाकायला हा ओलावा लागतो.

मॅट मागवली आहे पण यायला दोन दिवस लागतील, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी थर्माकोलची पेटी सुचवली होती. इतरांसाठी पुन्हा सांगते. औषधांच्या दुकानात थर्माकोलचे डबे सहज मिळतात. त्यात प्लास्टिकचा डबा ठेवायचा आणि शेजारी कोमटाहून थोड्या गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून. दर तीन-चार तासांनी पाणी बदलायचं, पहाटे चारलासुद्धा. झाकण पूर्ण बंद करायचं नाही. लाइट गेली तरी हीच युक्ती, म्हणून मॅट आल्यावर तो थर्माकोल टाकून देऊ नका.

आता पाणी. डोळे खोल गेलेत आणि पाठीवरची कातडी हलक्याने उचलली तर लगेच परत बसत नाही, म्हणजे पाणी कमी झालंय. ऊब मिळाल्यावर, आधी नाही, उथळ ताटलीत ३० अंशांच्या आसपासचं पाणी घ्या, मनगटाला धड गरम न गार लागेल असं. पाणी त्याच्या कोपरांपर्यंतच यायला हवं. दहा मिनिटं त्यात उभा राहू द्या, हात जवळच ठेवा. रोज एकदा. त्याशिवाय नाकपुडीच्या खाली, ओठाच्या कडेला, सुई नसलेल्या एक मिलिलिटरच्या सिरिंजने एक थेंब सोडा. चाटला तर दुसरा. नाकात जाऊ देऊ नका. साधं पाणीच पुरे. ग्लुकोज, मध, ओआरएस असलं काही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आणि उथळ झाकणात ताजं पाणी कायम असू द्या.

परवा तुमचा निरोप आला की तिसऱ्या दिवशी चिकूने ओठावरचे चार थेंब चाटले आणि अंघोळीच्या ताटलीत शी केली, काळसर आणि टोकाला पांढरी गाठ. काका, इतक्या आनंदाने कुणी कुणाच्या शीबद्दल मला लिहिल्याचं आठवत नाही. पण तो आनंद खरा आहे. ती पांढरी गाठ म्हणजे त्यांची लघवी, आणि शी झाली म्हणजे आतडं पूर्ण अडलेलं नाही. वाळू होती म्हणून मला तीच धास्ती होती.

आता त्याला पाच मिनिटं नीट न्याहाळा, हातात न घेता, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून. डोळे दोन्ही उघडतात का? भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, या जातीला असतात, आणि पापणीखाली जुन्या कातेचा तुकडा अडकला की त्याला भक्ष्य दिसतच नाही. बोटांची टोकं बघा. तिथे कातेचे कडक छल्ले राहिले तर रक्त अडतं आणि बोट गळून पडतं. ओलसर डब्याने आणि कोमट पाण्याने ते सुटतात, ओढायचे नाहीत. खालचा जबडा सरळ आहे की रबरासारखा वाकलेला? पाय थरथरतात का? तसं असेल तर हाडांत कॅल्शियम कमी आहे, आणि असं पिल्लू भूक असूनही चावू शकत नाही. त्याचा इलाज डॉक्टरांकडेच. तुमच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालू नका. त्यातलं ड जीवनसत्त्व माणसाच्या मापाचं असतं. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची पावडर वेगळी मिळते.

घासाकडे येते, पण आधी माझी गोष्ट. पाच-सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात माझ्याकडे असंच एक पिल्लू आलं, चिकूपेक्षा थोडं मोठं. आठ दिवस उपाशी. मला वाटलं, एकदा पोटात गेलं की सुरू होईल. एटीएम कार्डाच्या कडेने जबडा हलकेच उघडला आणि एकापाठोपाठ तीन मीलवर्म घातले. त्याने गिळले. मी घरभर सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी त्याने तिन्ही अळ्या जशाच्या तशा ओकल्या, फक्त काळ्या पडलेल्या आणि वास मारणाऱ्या. चौथ्या दिवशी ते गेलं. त्यानंतर मी पहिल्यांदा पेटीतलं तापमान मोजलं. १९ अंश होतं.

म्हणून तुम्ही पहिला घास देणार तो सलग दोन-तीन दिवस ऊब नीट राहिल्यावर, पाणी चाटल्यावर, शी झाल्यावर. तुमचं तिन्ही झालं आहे. आता संध्याकाळी, साडेसात-आठला, खोलीतला दिवा मंद करून, टीव्हीचा आवाज बंद करून बघा. क्रिकेट आधी सगळे बाहेर काढा. सोडलेल्या दहांपैकी सातच सापडले म्हणालात, उरलेले तीन शोधाच. उपाशी क्रिकेट रात्री झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि पापण्या कुरतडतात. आणि दहा किडे अंगावर धावत असताना आजारी जीव शिकार करेल, ही अपेक्षाच चुकीची.

मीलवर्मच्या डब्यात रोज एखादी अळी पांढरी दिसते, नुकतीच कात टाकलेली. ती मऊ असते, कवच नसतं. तीच निवडा. जाडी किती? चिकूच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नको. बोथट टोकाच्या चिमट्यात शेपटीकडून धरा, त्याच्या समोर दोन-तीन इंचांवर, तोंडाशी नाही, आणि अळीला वळवळू द्या. या प्राण्याला हालचाल दिसली की शिकार सुचते. तोंडाला चिकटवलेली निश्चल वस्तू त्याला संकट वाटते. तो मान वाकडी करून बघेल, शेपटीचं टोक हलवेल. शेपटीचं टोक हलायला लागलं की श्वास रोखून बसा, झेप येते.

नाहीच आली, तर अळीचं डोकं चिमट्याने दाबून फोडा आणि आतला पांढरट रस त्याच्या वरच्या ओठाच्या कडेला टिपक्याएवढा लावा. तो जीभ काढून पुसून घेतो, आणि चव कळली की पुष्कळदा तोंड स्वतः उघडतो. त्या क्षणी अळी पुढे करा. दहा मिनिटं, फार तर पंधरा. मग झाकण लावून उठा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा. दिवसातून पाच वेळा छळायचं नाही. तुम्ही दर तासाला झाकण उघडून बघता, हे काकूंनी मला फोनवर मागून सांगितलं.

एक अळी खाल्ली तर त्या दिवशी एकच. मोह आवरा. शी होऊ द्या, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन. हळूहळू या वयाचं निरोगी पिल्लू रोज पाच-सात लहान किडे खाऊ लागतं. खायला लागल्यावर किड्यांना दिवसाआड कॅल्शियमची पावडर चोळून द्या. किडे स्वतः काय खातात तेही महत्त्वाचं. मीलवर्मना गव्हाचा कोंडा आणि गाजराचा तुकडा द्या, म्हणजे चिकूच्या पोटात रिकामं कवच जाणार नाही. मीलवर्म गार जागी टिकतात, म्हणून बरेच जण फ्रिजमध्ये ठेवतात. काकूंच्या फ्रिजमध्ये लोणी आणि अळ्या शेजारी राहणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि सध्या गरजही नाही. जेलरोडची बाल्कनी जानेवारीत फ्रिजचंच काम करते. क्रिकेट मात्र गारठ्यात मरतात.

बागेतले किडे पकडून आणू का, असं तुम्ही विचारलंत. नका आणू. निफाडच्या बागेतले तर मुळीच नकोत. द्राक्षाला किती फवारण्या होतात ते मी तुम्हाला काय सांगणार. औषध अंगावर घेऊन जिवंत राहिलेला नाकतोडा तीन ग्रॅमच्या पिल्लाला पुरेसा विषारी असतो. घरातली झुरळंही नकोत, कुणाच्या तरी घरच्या पेस्ट कंट्रोलमधून आलेली असतात. आणि पावसाच्या तोंडावर नातू मित्रांबरोबर भंडारदऱ्याला काजवे बघायला गेला तर नुसते बघून यायला सांगा. काजव्यांच्या काही जातींत असं विष असतं की एखादा काजवाही सरड्याला पुरतो.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, चिकू खायला लागला तरी. नाशिकमध्ये कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, सरपटणारे प्राणी बघणारे मोजके. म्हणून आधी फोन करून सरळ विचारा, ‘लेपर्ड गेको बघता का, शीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करता का?’ दोन्हीला हो म्हणणारे शोधा. ताजी शी छोट्या झिप पिशवीत, ओल्या टिश्यूच्या तुकड्याबरोबर, त्याच दिवशी न्या. दुकानातून आलेल्या पिल्लांत आतड्यातले जंत आणि सूक्ष्म परजीवी सर्रास असतात, आणि बऱ्याचशांवर औषध आहे. पण ते औषध वजनाच्या हिशेबाने थेंबाच्या अंशात मोजावं लागतं. कुत्र्याच्या जंताच्या औषधातला ‘थोडासा’ भाग घरी देणं म्हणजे जुगार.

एका सूक्ष्म परजीवीचं नाव तुम्ही ऐकून ठेवा, क्रिप्टोस्पोरिडियम. पुरेशी ऊब असूनही शेपूट काडीसारखी होत जाते, खाल्लेलं उलटून पडतं, वजन घसरत राहतं. त्याची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते, आणि खात्रीचा इलाज नाही. तसं निघालंच तर डॉक्टर तुमच्याशी कठीण बोलणं बोलतील, ते ऐका. तोवर चिकूचे डबे, चिमटे दुसऱ्या कुठल्याही गेकोला वापरू नका. नातवाचा मित्र ‘याच्या सोबतीला’ अजून एक देतो म्हणाला तर नको म्हणा. ही एकटी राहणारी जात आहे, सोबतीची हौस आपली.

ताबडतोब, म्हणजे रांगेत नंबर लावायच्या आधी, जायचं ते केव्हा? पोट फुगून कडक झालं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो, उलटी झाली, पाय ओढतो, उताणा केल्यावर सरळ होत नाही, किंवा नीट ऊब देऊन पाच दिवसांनीही घास नाही आणि वजन खाली. शेवटच्या परिस्थितीत डॉक्टर कीटकभक्षी प्राण्यांसाठीचं पातळ खाद्य सिरिंजने द्यायला सांगतील. तेही ओठाच्या कडेला थेंब ठेवून चाटवायचं, घशात दाबायचं नाही. घाईत ते श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं धरतात. पहिल्यांदा त्यांच्यासमोर करून दाखवा. नेताना डबा उबदार ठेवा. स्कूटरवर निघणार असाल तर छोटा डबा स्वेटरच्या आत. आणि शेपटीला हात लागू देऊ नका. घाबरला तर ती तोडून टाकतो आणि आत्ता जी काही चरबी शिल्लक आहे ती सगळी तिच्यातच आहे. मोठा गेको शेपटीतल्या चरबीवर काही आठवडे काढतो. चिकूकडे तेवढी नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण नातवाला विचारा. पिल्लू दुकानातून घेतलं की कुणी डोंगरावरून पकडून दिलं? पाळतात ती जात मूळची पाकिस्तान-अफगाणिस्तानकडच्या कोरड्या भागातली, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेली. पण तिची सख्खी चुलत बहीण आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ माळावर राहते, दिसायला बरीचशी तशीच. ती जंगली निघाली तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मामला होतो. मग वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवायचं, घरी ठेवायचं नाही.

हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. ती ताटली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. आणि त्या सोनारांना, माझ्याकडून, काटा पुसून घ्यायला सांगा. मंगळसूत्राच्या वाट्या मोजायच्या त्याच तागडीत चिकू बसून आला आहे. पुढच्या वेळी झाकणाच्या डबीत घालून मोजा आणि डबीचं वजन वजा करा. खरं तर काही शे रुपयांत खिशात मावेल असा काटा मिळतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. जन्माच्या वेळी ही पिल्लं दोन ते पाच ग्रॅमची असतात, म्हणजे दीड महिन्याच्या मानाने २.९ कमीच. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने बरोबर पाव तोळा. त्यात २.६ दिसलं तर दहा टक्के गेलं समजा आणि डॉक्टरांना फोन करा.

नातवाला आजच कळवा. परीक्षा आहे म्हणून लपवताय, पण प्राणी त्याचा आहे. ही जात नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षं जगते. इंजिनिअरिंग संपेल, नोकरी लागेल, लग्न होईल, तरी चिकू असेलच. थर्मोस्टॅटचे पैसे त्याने पाठवावेत, असंही मला वाटतं, पण तो तुमचा घरचा प्रश्न.

नोट प्रेसमध्ये आयुष्यभर मोजदाद केलेल्या माणसाला हे शिकवायला नको, तरी सांगते. कालनिर्णयच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहा. सकाळचं उबदार बाजूचं तापमान, खाल्लं की नाही, शी झाली की नाही. वजन मात्र रोज नको, उगाच धरपकड होते. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि रविवारी, सकाळी, अंघोळीच्या आधी, त्याच काट्यावर. या रविवारचा आकडा मला कळवा.